बारक्या पोराला धरून सराव आखा

तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही कोल्हापुरात पेठेतल्या संघाकडून खेळलात, गुडघ्यानं साथ सोडली म्हणून थांबलात, आणि आता घराजवळच्या मैदानावर सकाळी चोवीस पोरं घेता. वयं आठ ते बारा, त्यात पाच मुली. बॉल दहा. मे महिन्यात बारा वर्षांखालच्यांची स्पर्धा आहे आणि पालक रोज विचारतात, ‘सर, टीम कधी काढणार?’ तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अकरा जण कसे निवडायचे, स्टॅमिना कसा वाढवायचा आणि फॉर्मेशन, म्हणजे मैदानातली खेळाडूंची मांडणी, कोणतं ठेवायचं.

फॉर्मेशनचं उत्तर एका ओळीचं आहे. सात जणांचा सामना असेल तर मागे दोन, मध्ये तीन, पुढे एक आणि गोलकीपर. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका. दहा वर्षांच्या पोराला ‘तू लेफ्ट बॅक’ म्हणून सांगितलं की ते त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं आणि सामना संपेपर्यंत तिथून हलत नाही.

खरा प्रश्न पहिला आहे, निवडीचा. त्यावर मी लांब लिहिणार आहे, कारण आपल्याकडे बहुतेक पोरांचा फुटबॉल नेमका इथेच संपतो.

तुमच्या चोवीस जणांत तीन-चार पोरं अंगानं थोराड असतील. ती जोरात पळतात, लांब किक मारतात, धक्का लागला तरी पडत नाहीत. स्पर्धा जिंकायची असेल तर त्यांनाच घ्यावंसं वाटेल, आणि ती जिंकूनही देतील. कारण सरळ आहे. मोठ्यांचा गोलपोस्ट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. दहा वर्षांच्या पोराची उंची साधारण 135 ते 140 सेंटिमीटर. म्हणजे आडव्या दांडीखाली त्याच्या डोक्यावर एक मीटरभर जागा मोकळी राहते. अर्ध्या मैदानातून उंच मारलेला बॉल तिथून आत गेला की गोल. बाहेर शिट्ट्या, फटाके, पालक खूश. त्या पोरानं फुटबॉलमधलं काय केलं? उंच मारला, एवढंच. पुढे सोळाव्या वर्षी समोरचे सगळे त्याच्याएवढे होतात, गोलकीपर हात वर करून तोच बॉल अलगद झेलतो, आणि या पोराकडे दुसरं काहीच शिल्लक नसतं.

आता त्याच वयाचं बारकं पोरगं घ्या. त्याला धक्क्यात जिंकता येत नाही. त्यामुळे बॉल येण्याआधी कुठे मोकळी जागा आहे ते बघणं, पहिल्याच स्पर्शात बॉल बाजूला घेणं, अंग मध्ये घालणं हे सगळं त्याला शिकावंच लागतं. पण ते शिकायला त्याला मैदानात राहता आलं पाहिजे. आपण त्याला बाकावर बसवतो, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला देतो, आणि वर्षभरात ते क्रिकेटकडे वळतं किंवा घरी बसतं.

यातला मोठा भाग निव्वळ जन्मतारखेचा खेळ असतो. वयोगट बहुतेक ठिकाणी 1 जानेवारीला कापला जातो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, पण दोघांत जवळजवळ एक वर्षाचं अंतर असतं, आणि दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. जगभरच्या युवा संघांच्या याद्या काढून पाहिल्या तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं भरमसाट आणि शेवटच्या तीन महिन्यांतली मोजकी दिसतात. डिसेंबरच्या पोरांना फुटबॉल कमी येतो असं थोडंच आहे! निवडणाऱ्याला मोठं पोरगं चांगलं वाटलं, त्याला जास्त खेळायला मिळालं, जास्त खेळल्यानं ते खरंच चांगलं झालं. तुमच्या चोवीस जणांच्या जन्मतारखा एका कागदावर महिन्यानुसार लिहा आणि शेजारी तुमच्या मनातल्या ‘अकरा’वर खुणा करा. बघा काय दिसतं.

जन्मतारीख सारखी असली तरी शरीर सारखं नसतं. मुलांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण तेरा-चौदाव्या वर्षी, मुलींची बाराच्या आसपास. पण एखाद्याचं हे दोन वर्षं आधी होतं, एखाद्याचं दोन वर्षं उशिरा. म्हणूनच काही इंग्लिश अकादम्या अधूनमधून मुलांना वयावर न खेळवता शारीरिक वाढीच्या टप्प्यावर गट पाडून खेळवतात. थोराड पोराला त्याच्याएवढ्यांशी भिडावं लागतं, बारक्याला बॉल मिळतो, आणि दोघांचीही वेगळी बाजू दिसते. उशिरा वाढणाऱ्यांना नाकारण्याची उदाहरणं मोठी आहेत. आंतुआन ग्रीझमानला लहान चणीमुळे फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी परत पाठवलं, तो स्पेनमध्ये रेआल सोसिएदादकडे गेला आणि 2018 चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघात अंतिम सामन्यात गोल करून आला. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी वार्डीलाही सोळाव्या वर्षी अंगानं लहान म्हणून शेफील्डच्या क्लबनं सोडून दिलं होतं. हे दोघे वाचले. जे वाचले नाहीत त्यांची नावं आपल्याला कळतच नाहीत.

थोराड पोरांबद्दल आपल्याकडचं आणखी एक प्रकरण आहे, ते बोलून टाकतो. काही वेळा पोरगं थोराड नसतं, वयानंच मोठं असतं. दाखल्यावर एक तारीख, अंगावर दुसरी. वरच्या पातळीवर यासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, आणि तेव्हा पोरगं घरी परत येतं. मधली चार वर्षं त्याला स्वतःपेक्षा लहान मुलांना ढकलून जिंकायची सवय लागलेली असते. पालक दुसरा दाखला घेऊन आले तर सरळ नाही म्हणा. पेठेत संबंध बिघडतील, बिघडू द्या.

मग निवडायचं कसं? माझं स्पष्ट मत असं की या वयात ‘अकरा’ निवडायचेच नाहीत. सगळ्यांना खेळवायचं. स्पर्धेचं शेवटी सांगतो. पण कोण कुठवर आलंय हे बघायला मी तीन गोष्टी पाहतो, आणि एकीलाही अंगाची गरज लागत नाही. बॉल पायात येण्याआधी पोरगं मान वळवून मागे बघतं का? पहिला स्पर्श त्याला हव्या त्या दिशेला जातो, की बॉल नुसता पायाला आपटून थांबतो? आणि बॉल हरल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत ते काय करतं: मागे धावतं, की कमरेवर हात ठेवून उभं राहतं? गोल, किकचं अंतर, पळण्याचा वेग हे सगळं चार वर्षांनी बदलणार आहे. या तीन सवयी मात्र दहाव्या वर्षी लागल्या तर टिकतात.

आता सराव. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला मैदानाला पाच राउंड, मग व्यायाम, मग रांगेत उभं राहून शूटिंग, आणि शेवटी सगळ्यांची मिळून मॅच. आपण सगळे असंच शिकलो. पण हिशेब करून बघा. चोवीस जण दोन रांगांत शूटिंगला उभे केले तर एका पोराची पाळी दोन-तीन मिनिटांनी येते. वीस मिनिटांत सात-आठ किक. मग बारा विरुद्ध बारा मॅच, त्यात बॉल एक. त्या एका बॉलमागे मधमाश्यांसारखा घोळका पळतो आणि बारक्या पोराला अर्ध्या तासात चारदा बॉल लागला तर नशीब.

म्हणून माझं सराव मोजायचं माप असं: आज ज्या पोराला सर्वांत कमी बॉल मिळाला, त्याला किती मिळाला? सरासरी नको, सर्वांत कमी मिळालेलाच धरा. पुढच्या रविवारी एखाद्या पालकाला वही-पेन देऊन बसवा. तीन पोरं नेमून द्या, एक थोराड, एक मधलं, एक बारकं, आणि प्रत्येक स्पर्शाला एक रेघ मारायला सांगा. दोन फायदे होतील. तुम्हाला आकडा कळेल, आणि तो पालक बाहेरून ओरडायचा थांबेल.

तो आकडा वाढवायचा एकच सोपा मार्ग आहे: संघ लहान करा, मैदान लहान करा, आणि एकाच वेळी दोन-तीन सामने चालू ठेवा. चार विरुद्ध चार हा माझा आवडता आकडा. चारात समोर, बाजूला आणि मागे पास द्यायला कोणीतरी असतं, म्हणजे खऱ्या फुटबॉलचे सगळे पर्याय असतात, आणि लपायला जागा नसते. डच लोकांनी हा चार-चारचा खेळ अनेक दशकांपूर्वीच युवा प्रशिक्षणाच्या मध्यावर आणला. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांची पोरं सात विरुद्ध सात, अकरा-बारा वर्षांची नऊ विरुद्ध नऊ खेळतात, अकराचा पूर्ण संघ त्यानंतरच. जर्मनीनं 2024-25 च्या हंगामापासून देशभर सर्वांत लहान गटांना दोन-दोन, तीन-तीनच्या सामन्यांवर आणलं, छोटे चार गोलपोस्ट ठेवले, आणि त्या गटांतला गुणतक्ताच काढून टाकला. चार विश्वचषक जिंकलेला देश हे करतो. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2018 मध्ये सहा ते बारा वयासाठी ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली, तिच्यामागेही हाच विचार होता. तरी आपण मात्र दहा वर्षांच्या पोरांना मोठ्यांच्या मैदानावर अकरा-अकरा उभे करतो, कारण तसं केलं की ‘मॅच’सारखं दिसतं.

तुमच्या मैदानावर, तुमच्या दहा बॉलवर हे कसं बसेल ते सांगतो. सव्वा तास पुरे. आठवड्यातून तीन दिवस.

पोरं येतील तशी लगेच खेळायला लावा, सगळे जमायची वाट बघू नका. पहिला आला त्याला एक बॉल, दुसरा आला की एकास एक, चार झाले की दोन-दोन. दोन विटा म्हणजे गोल. कोणी उशिरा आलं तर शिक्षा नको. खेळ चुकला हीच शिक्षा, आणि दोन आठवड्यांत बघा, पोरं तुमच्या आधी मैदानात असतील.

सगळे जमले की वीसेक मिनिटं बॉल पायात ठेवायचं काम. दोघांत एक बॉल धरला तर तुम्हाला बारा लागतात, तुमच्याकडे दहा आहेत, म्हणून चार ठिकाणी तिघांत एक आणि सहा ठिकाणी दोघांत एक. दोघांचं असं: एका चौकोनात एकाकडे बॉल, दुसरा तो काढून घ्यायचा प्रयत्न करतो, अर्ध्या मिनिटानं अदलाबदल. यात सोल म्हणजे बुटाच्या तळव्यानं बॉल मागे ओढणं, आतल्या-बाहेरच्या बाजूनं कट मारणं, पाठ देऊन बॉल झाकणं सगळं आपोआप येतं. जोड्या मात्र तुम्ही लावा, आणि अंगानं सारख्या लावा. बारक्याला थोराडासमोर रोज उभं केलं तर तो बॉल लगेच देऊन मोकळा व्हायला शिकेल. अधूनमधून मुद्दाम उलटं करा, कारण सामन्यात तेही होणारच आहे. तिघांच्या जागी मध्ये एक आणि बाजूला दोन, किंवा दोनास एक. डावा पाय या वीस मिनिटांत रोज पाचेक मिनिटं, वेगळं भाषण न देता: ‘आता फक्त डावा.’

मग अर्धा-पाऊण तास खेळ. चोवीस जणांचे सहा संघ, तीन छोटी मैदानं, प्रत्येक साधारण तीस मीटर लांब, वीस रुंद. दर आठ मिनिटांनी संघ बदलायचे. इथे तुम्ही नियम बदलून शिकवा, ओरडून नाही. पोरं घोळका करतात? प्रत्येक संघाला दोन-दोन गोल द्या, दोन्ही कोपऱ्यांत. एक बाजू भरली की दुसरी मोकळी आहे हे पोरांना चार दिवसांत स्वतःच दिसतं. लांब उडवतात? बॉल गुडघ्याच्या उंचीखालून गेला तरच गोल. एकच थोराड पोरगं सगळ्यांना कापत जातं? त्याच्या संघाला एक माणूस कमी द्या, किंवा त्याला दोन वर्षं मोठ्यांच्या खेळात पाठवा. त्याला ‘पास दे, पास दे’ म्हणून गप्प करू नका. ड्रिबल करणारं, म्हणजे बॉल पायात ठेवून समोरच्याला चकवत जाणारं पोरगं आपल्याकडे आधीच दुर्मीळ झालं आहे.

तुमच्या आवाजाबद्दल. तुम्ही खेळलेले आहात म्हणून तुम्हाला बाहेरून सगळं दिसतं, आणि तोंडातून ‘मार!’, ‘सोड!’, ‘मागे बघ!’ निघणारच. पण तुम्ही सांगितल्यावर पोरगं मागे बघतं, तेव्हा त्यानं निर्णय घेतलेला नसतो, तुम्ही घेतलेला असतो. तुम्ही त्याचे डोळे झालात तर त्याची मान कधी वळणार? दहा मिनिटांत एकदा खेळ जागच्या जागी थांबवा, बॉल ज्याच्याकडे आहे त्याला विचारा, ‘तुझ्याकडे काय-काय होतं?’ तो एक सांगेल, दुसरा दुसरं सांगेल. तुम्ही उत्तर देऊ नका, तिथूनच खेळ पुन्हा सुरू करा. हे थांबवणंही वीस सेकंदांच्या वर नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या आपल्या कोल्हापूरच्या संघांची मॅच बघताना तुम्ही हवं तेवढं ओरडा.

शेवटची दहा मिनिटं त्यांची. संघ तेच पाडतील, नियम तेच ठरवतील, भांडणही तेच मिटवतील. तुम्ही खुणेचे प्लास्टिकचे कोन गोळा करा.

राउंड मारणं बंद करा असं मी म्हणतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. हेच तुमच्या स्टॅमिनाच्या प्रश्नाचं उत्तर. चार-चारच्या खेळात पोरगं सतत पळतं, थांबतं, वळतं. फुटबॉलचा दम हाच. मैदानाभोवती एकाच वेगानं धावून आणखी राउंड मारायचा दम येतो. या वयात जोर-बैठका, उंच बाकावरून उड्या, वजनं काहीही नको. तालमीच्या परंपरेतून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, मलाही त्या मातीचा आदर आहे, पण ती कसरत सोळा-सतराव्या वर्षासाठी ठेवा.

व्यायामच करायचा असेल तर एक गोष्ट कामाची आहे. फिफाच्या ‘इलेव्हन प्लस’ वॉर्मअपची लहान मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे: सात व्यायाम, पंधरा-वीस मिनिटं, एका पायावर तोल, छोट्या उड्या, पोटाची ताकद आणि पडायचं कसं याचा सराव. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताकातल्या सात ते बारा वर्षांच्या हजारो मुलांवर तो करून पाहिला, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये आले: दुखापती सुमारे निम्म्यानं कमी. आपल्या टणक लाल मातीवर ‘पडायचं कसं’ हा भाग तर सोन्यासारखा आहे. आठवड्यातून दोनदा करा. तुमच्या पाच मुलींसाठी पुढे याचा जास्त उपयोग होईल, कारण किशोरवयानंतर मुलींच्या गुडघ्यातला लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटायचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि उडी मारून नीट उतरायची सवय लहानपणी लावणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुखण्याबद्दल थोडं नीट लिहितो, कारण यात आपल्याकडे फार अज्ञान आहे. दहा ते पंधरा वयात पोरगं म्हणेल, ‘सर, गुडघ्याच्या खाली दुखतंय,’ आणि तिथे हाडावर टेंगूळ आलेलं दिसेल. किंवा टाच दुखते म्हणून चवड्यावर चालेल. हाड झपाट्यानं वाढत असतं, स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) तेवढ्या वेगानं लांबत नाहीत, आणि त्या जिथे हाडाला जोडल्या असतात तिथल्या कोवळ्या भागावर ताण येतो. गुडघ्याच्या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, टाचेच्या दुखण्याला सेव्हर. कायमचं नुकसान सहसा होत नाही, पण पळणं आणि उड्या कमी कराव्या लागतात, बर्फ लावावा लागतो, आणि काही आठवडे धीर धरावा लागतो. तेल लावून रगडणं, ‘पळ, आपोआप जाईल’ म्हणणं, पट्टी बांधून स्पर्धेत उतरवणं हे बंद. पोरगं लंगडत असेल, रात्री दुखून उठत असेल, सूज किंवा ताप असेल तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. टाचेचं दुखणं असेल तर स्टड (तळाला खुंट्या असलेले बूट) काढून साधे बूट घालायला लावा. टणक मैदानावर लहान पोरांना स्टड तसेही लागत नाहीत. आणि हो, दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून प्रत्येकाची उंची लिहा. ज्याची उंची अचानक वाढली त्याचा खेळ काही महिने बिघडतो, पाय जमत नाहीत, बॉल निसटतो. ते पोरगं आळशी झालेलं नसतं. त्याला तेव्हाच बाकावर बसवलं तर संपलं.

डोक्यानं बॉल मारायचा सराव या गटात अजिबात घेऊ नका. अमेरिकेच्या महासंघानं 2015 मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्यांना हेडिंग बंद केलं, इंग्लंडनं 2020 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून ते काढलं. तुमच्याकडचे जुने बॉल पावसात भिजून जड झालेले असतील, तर प्रश्नच नाही.

उन्हाचं तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये साडेसहाला सुरू करा, आठच्या आत संपवा, दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचंच, तहान असो वा नसो. वळवाच्या पावसात पोरांना भिजायला आवडतं, भिजू द्या, पण गडगडाट ऐकू आला की मैदान सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही. खाण्याचं काय, भाकरी, अंडं, केळं, शेंगदाणे-गूळ. प्रोटीन पावडरचा डबा कोणी दाखवला तर परत द्या.

गोलकीपर. ‘जाड्याला गोलात’ ही पद्धत मोडा. बारा वर्षांपर्यंत प्रत्येकानं पाळीपाळीनं गोलात उभं राहावं. एखाद्याला आवडायला लागलं तरी निम्मा वेळ त्याला बाहेर खेळवा. आजच्या गोलकीपरला पायानं खेळता आलं नाही तर वरचा कोणताही संघ त्याला घेत नाही.

मुलींच्या बाबतीत माझा अनुभव असा की या वयात त्यांना वेगळं करायची गरज नाही, मुलांबरोबरच खेळवा. पण पाचही जणी एकाच संघात टाकू नका आणि एकेकटी पाच संघांतही नको. दोघी-तिघी एकत्र राहतील असं बघा. एकटी पडली की पहिल्या महिन्यातच येणं थांबतं. सरावाला तुमच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस, शक्यतो कोणाची तरी आई, मैदानात असेल अशी व्यवस्था करा. ही सगळ्या पोरांसाठीच चांगली पद्धत आहे, आणि तुमच्याही संरक्षणाची. हात उचलायचा नाही, कान पिळायचा नाही हे वेगळं लिहायला लागू नये, पण लिहितो.

पालक. त्यांना एकदा चहाला बोलवा आणि अनिकेत जाधवचं उदाहरण द्या. कोल्हापूरचं, साध्या घरातलं पोरगं, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळलं. सगळ्या पालकांच्या डोळ्यांसमोर आधीच तो असतो. तुम्ही एवढंच विचारा: अनिकेत बारा वर्षांखालच्या कोणत्या स्पर्धेत किती गोल करून पुढे गेला हे इथे कोणाला आठवतं का? कोणाला आठवत नाही. त्या वयातले चषक कोणत्या तरी कपाटावर धूळ खात असतात. आणि मैदानाबाहेरून पोराला सूचना द्यायच्या नाहीत एवढा एकच नियम ठेवा. टाळ्या हव्या तेवढ्या. जास्त नियम केलेत तर एकही पाळला जाणार नाही.

आता मे महिन्यातली स्पर्धा. जा, जरूर जा, पोरांना सामना हवाच असतो. हरल्यावर रडणं, जिंकल्यावर नाचणं हे सगळं व्हायला हवं. पण आयोजकांना आजच भेटा आणि विचारा की सात-सात जणांचा गट ठेवता येईल का, मैदान आडवं वापरून. आयोजकांनाही ते सोयीचं असतं, एका मैदानात दोन सामने बसतात. लहान गोलपोस्ट नसतील तर मोठ्या गोलच्या आत दोन काठ्या रोवून फीत बांधा. त्यांनी मान्य केलं तर दोन संघ उतरवा, ‘अ’ आणि ‘ब’ असे नाहीत, दोन्ही सारख्या ताकदीचे. उरलेले अदलाबदलीला. मान्य नाहीच केलं आणि अकराच खेळवायचे असतील, तर सामना दोन भागांत असतो, पहिल्या भागात अकरा, दुसऱ्या भागात दुसरे अकरा, उरलेले दोघे पुढच्या सामन्यात आधी. दोन्ही अकरांत थोराड आणि बारके मिसळून. प्रत्येक पोराला निम्मा सामना, शून्य-तीननं मागे असलात तरी आणि अंतिम सामना असला तरी. हे पालकांना आत्ता सांगा, स्पर्धेच्या सकाळी नको. एक-दोन जण पोरगं काढून दुसरीकडे नेतील. नेऊ द्या.

तुम्ही स्वतः पुढे जाणार असाल तर महासंघाचा डी लायसन्सचा, म्हणजे सुरुवातीच्या पातळीच्या प्रशिक्षक परवान्याचा, कोर्स करा. काही दिवसांचाच असतो, आणि तिथे शिकवण्यापेक्षा जास्त उपयोग होतो तो इतर जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांशी बोलण्याचा. गोव्यातला कोणी भेटला तर त्याला विचारा, गावागावांत पोरांचा खेळ कसा चालतो. मी अशा गप्पांतून कोर्सपेक्षा जास्त उचललं आहे.

वर्गणी निघणार असेल तर जर्सी नंतर. आधी चौदा बॉल घ्या, म्हणजे प्रत्येकाच्या पायात एक होईल, आणि ते चार नंबरचे घ्या. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल 68 ते 70 सेंटिमीटर घेराचा आणि 410 ते 450 ग्रॅम वजनाचा असतो, दहा वर्षांच्या पायाला तो मोठा आणि जड. आठाखालचं भावंड कोणाबरोबर येत असेल तर त्याच्यासाठी एखादा तीन नंबरचा. हवा थोडी कमी भरा, टणक मैदानावर बॉल उसळत नाही आणि बारक्यांच्या पायात थांबतो.